त्याचं नेहमीचं कसं असतं, ते आधी विचारा

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली की नेमकं कुठे अडतं, ते कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत आया आहेत, भावंडं आहेत, एक तरुण नर्स आहे, निवासी संस्थेतले एक काळजीवाहक आहेत आणि एक पत्र खुद्द रुग्णाचं आहे. मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. आता हॉस्पिटलात अशा रुग्णांची व्यवस्था बघते. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे कॉटच्या शेजारच्या स्टुलावरही मी खूप बसले आहे. फक्त वाचन-लेखन किंवा गणित अवघड जाणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही. नवी गोष्ट समजून घ्यायला आणि रोजचे व्यवहार सांभाळायला ज्यांना लहानपणापासून मदत लागते, त्यांच्याबद्दल बोलते आहे.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, बोलत नाही. काही आठवड्यांपासून त्याचं जेवण कमी झालंय, रात्री झोपत नाही आणि मुठीने कानशिलावर मारून घेतो. दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनीही अंगाला हात न लावता "हे त्याच्या मूळ अवस्थेमुळेच आहे" असं सांगून शांत करणारी गोळी लिहून दिली. आता काय करू?

परत दाखवा, आणि या वेळी एक कागद घेऊन जा. त्यावर दोन रकाने करा. पहिल्यात तो दोन महिन्यांपूर्वी कसा होता ते लिहा : किती जेवायचा, किती वाजता झोपायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा, शौचाला कधी जायचा, कशात रमायचा. दुसऱ्यात आता काय चाललंय ते. डॉक्टर तुमच्या मुलाला पहिल्यांदाच बघत असतात. स्वतःला मारून घेणारा मुलगा समोर आला की हा असाच असणार, असं ते धरून चालतात. तो असा नव्हता, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. निदानाच्या दृष्टीने याहून मोलाची माहिती त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नसते.

समोर अक्षमता दिसली की बाकी सगळं तिच्याच खात्यात टाकायचं, ही चूक फार जुनी आहे. अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती दाखवून दिली. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना एकाच प्रकारच्या मानसिक त्रासाचं वर्णन वाचायला दिलं. वर्णनात बौद्धिक अक्षमतेचा उल्लेख आला की तोच त्रास वाचणाऱ्यांना कमी महत्त्वाचा वाटला. शरीराच्या दुखण्याचंही असंच होतं, आणि त्याची किंमत मोठी असते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या एका पथकाने इंग्लंडमधल्या अशा २४७ जणांच्या मृत्यूंची तपासणी केली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. इतर लोकांच्या मानाने यातले पुरुष १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्या होत्या. निदानात आणि उपचारात झालेली दिरंगाई हे अकाली मृत्यूंमागचं एक ठळक कारण होतं. तुमचा मुलगा कुठल्या देशात आहे, याने त्या दिरंगाईत फार फरक पडत नाही.

कानशिलावर मारून घेणाऱ्या माणसाचे आधी कान बघायचे, मग दात आणि हिरड्या, मग डोळे, सायनस. जेवण कमी झालं असेल तर घसा, गिळण्याची अडचण, आम्लपित्त आणि पोट. बद्धकोष्ठता तर कुणाच्या लक्षातच येत नाही. हालचाल कमी, पाणी कमी आणि कित्येक औषधांचा परिणाम, यांमुळे या मंडळींमध्ये ती फार आढळते आणि दुर्लक्ष झालं तर जिवावर बेतते. फिट्सची किंवा शांत करणारी औषधं चालू असतील तर त्यांचे दुष्परिणाम. लघवीचा संसर्ग. कुठे पडून झालेलं, कुणाला न दिसलेलं हाड मोडणं. यातलं काहीही तो तुम्हाला सांगू शकत नाही, म्हणून तो मूठ वापरतो.

आणि बोलता येणाऱ्याच्या उत्तरावरही आंधळा विश्वास नको. माझ्या भावाला "दुखतंय का?" विचारलं तर तो "हो" म्हणतो. "दुखत नाही ना?" विचारलं तरी "हो"च म्हणतो. समोरच्याला बरं वाटावं, हा त्याचा स्वभाव. त्याच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता तेव्हा त्याने तोंडाने एक अक्षर काढलं नाही. तो नुसता उजव्या कुशीवर झोपायचा थांबला आणि उशी भिंतीला टेकवून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागला. डॉक्टरांना मी तेवढंच सांगितलं, आणि त्यांनी बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावलं.

शब्दांशिवाय दुखणं मोजायच्या पद्धती आहेत. त्यांतली एक, एफ-एल-ए-सी-सी, चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देते. मूळ पट्टी लहान मुलांसाठी होती. नंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ती सुधारली, आणि त्या सुधारणेत पालकांनी सांगितलेल्या मुलाच्या स्वतःच्या खुणाही धरल्या जातात. मोठ्यांसाठीही असे तक्ते आहेत. डॉक्टरांना सरळ विचारा, "तुम्ही दुखण्याची नोंद कशी करता?"

आणखी एक प्रश्न विचारा. शांतपणे विचारा, पण विचाराच : "बोलता येणारा २६ वर्षांचा मुलगा जेवण तुटलंय, झोप गेलीय, कानशिलात दुखतंय असं म्हणत आला असता तर तुम्ही काय काय तपासलं असतं?" जे उत्तर येईल, ते सगळं तुमच्या मुलाचंही व्हायला हवं. मात्र पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि शौचाला झालेली नाही, ठसका लागून नंतर ताप आलाय आणि श्वास जोरात चालतोय, किंवा तो नेहमीपेक्षा सुस्त पडलाय, असं काही दिसलं तर कागद-रकाने करत बसू नका. थेट तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न : सिस्टर, आईनंतर बहिणीचं सगळं मीच बघतो. मी गावाला असताना तिला अचानक दाखल करावं लागलं तर तिच्याबद्दल सांगणार कोण? काही लिहून ठेवायचं तर काय लिहू?

दादा, तुम्ही म्हणता तसा कागद बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात. ब्रिटनमध्ये तो सिग्नलच्या तीन रंगांत करायची पद्धत रुळली आहे. लाल पानावर जिवाशी संबंध असलेलं : ॲलर्जी, चालू औषधं, फिट्स येतात का आणि आल्या तर काय करायचं, गिळताना ठसका लागतो का, हृदयाचा काही दोष आहे का. पिवळ्या पानावर ती बोलते कशी, दुखलं तर काय करते, चालते कशी, संडास-बाथरूमला किती मदत लागते. हिरव्यावर काय आवडतं, कशाने बिथरते, कशाने शांत होते.

लोक हिरवं पान भरभरून लिहितात आणि पिवळं दोन ओळींत उरकतात. तुम्ही उलटं करा. "हट्टी आहे", "प्रेमळ आहे" यातून रात्रपाळीच्या नर्सला काही कळत नाही. अशा ओळी लिहा : "दुखलं की ओढणीचं टोक चावते. एरवी कधीच चावत नाही." "‘नको’ म्हणायचं असेल तर मान फिरवते. मान हलवली तर तो होकार नाही, ती सवय आहे." "गोळी चमच्यात मऊ पदार्थाबरोबर घेते, पाण्याबरोबर दिली तर गालात धरून ठेवते आणि नंतर थुंकते." "प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबा, मग उत्तर येतं." एखादी गोळी कुटून किंवा मिसळून द्यायची असेल तर चालेल का, हे मात्र औषध देणाऱ्याला विचारून मगच लिहा. काही गोळ्या फोडायच्या नसतात.

डाउन सिंड्रोम असेल तर लाल पानावर दोन ओळी हव्यातच. एक, मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून भूल देताना मान जपून हाताळा. दोन, झोपेत श्वास अडकतो का. भूलतज्ज्ञाला हे आधी कळलेलं बरं.

कागद फाइलला लावून मोकळे होऊ नका. ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या मुलाला ऑटिझम, फिट्स आणि सौम्य बौद्धिक अक्षमता होती. मनोविकारांवरची ठरावीक प्रकारची औषधं मला देऊ नका, असं तो स्वतः सांगत होता, आईवडील सांगत होते. तरी ब्रिटनमधल्या एका हॉस्पिटलात त्याला तसलं औषध दिलं गेलं आणि त्याच्या गंभीर दुष्परिणामातून नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. त्याच्या आईने लढा दिला, आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोग्यसेवकांना या विषयाचं प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. त्या प्रशिक्षणाला त्याचंच नाव आहे. म्हणून सांगते, लाल पानावरची औषधाची ओळ औषधांच्या तक्त्यावर चढली का, ते डोळ्यांनी बघा. आणि एक प्रत शेजारी राहणाऱ्या, तुमचा फोन उचलणाऱ्या माणसाकडे ठेवा.

प्रश्न : रक्त काढायचं म्हटलं की माझी १९ वर्षांची मुलगी किंचाळते, हात ओढून घेते. मागच्या वेळी चौघांनी धरून रक्त काढलं. आता ती हॉस्पिटलचं फाटकच ओलांडत नाही. थायरॉइडची तपासणी तर दर वर्षी करायला सांगितलीय.

चौघांनी धरून रक्त मिळालं, पण फाटक गमावलं. पुढे तिला काही मोठं झालं तर तुम्ही तिला आत नेणार कसं, हा विचार त्या वेळी कुणी केला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जीव धोक्यात असताना धरावं लागलं तर गोष्ट वेगळी. दर वर्षीच्या तपासणीला तेवढी घाई नसते.

फाटकापासूनच सुरुवात करा. आधी नुसतं फाटकापर्यंत जाऊन परत या. मग आत जाऊन बाकावर बसून परत या. त्या दिवशी सुई नाही, हे तिला आधीच सांगा आणि शब्द पाळा. "काही नाही करणार" म्हणून नेलं आणि टोचलं, असं एकदा जरी झालं तरी पुढची सगळी मेहनत वाया जाते. घरी दंडाला मऊ पट्टी बांधा, कापसाने कोपराची घडी पुसा, तीनपर्यंत मोजा, पट्टी सोडा. आधी हे, मग तिचं आवडतं गाणं, हा क्रम दर वेळी तोच ठेवा. लॅबमधल्या माणसाला विनंती करून खुर्चीचा, पट्टीचा, छोट्या बाटलीचा फोटो काढून आणा आणि त्याच क्रमाने एका पुठ्ठ्यावर चिकटवा.

कातडी बधिर करणारं मलम मिळतं, लिडोकेन आणि प्रायलोकेनचं. डॉक्टरांना विचारून ते सुई टोचायच्या निदान तासभर आधी लावायचं आणि वर चिकटपट्टी लावून झाकून ठेवायचं. पाच मिनिटं आधी लावून "उपयोग होत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. मलम दोन्ही हातांना लावा, म्हणजे एका हाताची शीर मिळाली नाही तर ऐन वेळी पंचाईत होत नाही. दिवसातला पहिला नंबर मागा. आत गेल्यावर तिच्याशी एकानेच बोलायचं. तुम्ही, बाबा, नर्स आणि टेक्निशियन, चौघं मिळून धीर द्यायला लागलात तर तिला तो कल्ला वाटतो.

हे करूनही जमलं नाही, तर डॉक्टरांशी तोंडावाटे किंवा नाकावाटे द्यायच्या, भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल बोला. ते हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आणि कधी दातांसाठी किंवा आणखी कशासाठी भूल द्यायची ठरली, तर त्याच भुलेत रक्त काढून घ्या, कान तपासून घ्या, डोळे बघून घ्या. हे आपोआप घडत नाही, कारण दातांचे डॉक्टर वेगळे आणि रक्त सांगणारे वेगळे. कुणीतरी सगळ्यांना आठवडाभर आधी फोन करावा लागतो. ते काम हॉस्पिटलचं आहे. तिथे कुणी नसेल तर तुमच्या डॉक्टरांकडून तसं लेखी पत्र घ्या.

प्रश्न : मी दीड वर्षापूर्वी नर्स झाले. आमच्या वॉर्डात असा रुग्ण आला की सगळे एकमेकांकडे बघतात. मला मदत करायची इच्छा आहे, पण एका वेळी एवढे रुग्ण असतात की जास्तीचा वेळ कुठून आणू?

बाळ, तुझा प्रश्न खरा आहे, आणि तुला मिळालेल्या शिक्षणात यावर किती कमी तास होते, तेही मला ठाऊक आहे. वेळ आणायचा कुठून, यापेक्षा तो कुठे वाया जातो ते बघ. घाबरलेल्या रुग्णाची सलाइन तीनदा निघते, तीनदा लावावी लागते. सुरुवातीची पंधरा मिनिटं दिलीस तर ती सलाइन टिकते.

पहिल्यांदा जाशील तेव्हा हातात काही घेऊन जाऊ नकोस. नाव सांग, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बस आणि त्याच्याशी बोल, सोबतच्या माणसाशी नंतर. मग बीपीचा पट्टा त्याच्या हातात दे. आधी सोबतच्याला बांध, मग त्याला. एका वाक्यात एकच गोष्ट : "हात दे." थांब. "आता घट्ट होणार." थांब. "सुटलं." "जरा बरं वाटतंय ना, रात्री झोप लागली का आणि पोट साफ झालं का?" यात तीन प्रश्न आहेत, आणि तो फक्त शेवटच्याला मान हलवेल. कॉट शक्यतो भिंतीकडची दे, मॉनिटरच्या आवाजापासून लांब.

सोबतच्या माणसाला रोज सकाळी एक प्रश्न विचार : "आज तो नेहमीसारखा वाटतो का?" नाही म्हणाले, तर ती तक्रार नाही, ते लक्षण आहे. तापमान आणि नाडीच्या शेजारी ते लिही आणि राउंडला मोठ्याने वाच.

खाण्याकडे लक्ष ठेव. ताट तसंच परत गेलं, तर "खात नाही" एवढं लिहून थांबू नकोस. मेनकॅप या ब्रिटिश संस्थेने २००७ मध्ये आरोग्यसेवेच्या देखरेखीत असताना मृत्यू पावलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा जणांची हकिगत मांडली होती. त्यातल्या ४३ वर्षांच्या एकाला पक्षाघातानंतर गिळता येत नव्हतं. त्याच्या पोटात २६ दिवस अन्न गेलं नाही. डॉक्टरांना वाटत होतं की नर्स त्याला नळीतून अन्न देत आहेत. माणसांनी भरलेल्या वॉर्डात हे घडलं. त्यात कुणी दुष्ट नव्हतं असं जरी धरलं, तरी मला ते वाचताना आजही राग येतो.

आणि एक गोष्ट तुझ्या वरिष्ठांसाठी. हे सगळं एका मनमिळाऊ नर्सवर सोडू नये. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात अशा रुग्णांसाठी व्यवस्थेत वाजवी बदल करणं ही सेवा देणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि त्याची तयारी रुग्ण येण्याआधीच करायची असते. जास्त वेळाची अपॉइंटमेंट, गर्दीबाहेर थांबायची सोय, चित्रांचं माहितीपत्रक, फाइलवर सगळ्यांना दिसेल अशी खूण. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही. फाइलवरच्या खुणेपासून सुरुवात करायला सांग. उद्या तू रजेवर असलीस तरी ती खूण कामावर असेल.

प्रश्न : माझ्या नणंदेला, वय ३४, सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता आहे. पाळीच्या वेळी तिला सांभाळणं सासूबाईंना झेपत नाही. एका डॉक्टरांनी गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला दिला. सगळे म्हणतात, तिला काय विचारायचं? मला ते पटत नाही. मी चूक आहे का?

वहिनी, तुम्ही मुळीच चूक नाही. घरात हे एकटीने धरून ठेवणं सोपं नाही, तरी धरून ठेवा.

गर्भपिशवी काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे. तिला भूल लागते, रक्तस्राव, संसर्ग असे धोके असतात, आणि ती परत फिरवता येत नाही. पिशवीला आजार असेल आणि दुसरा उपाय नसेल तर ती करावी, जशी तुमच्यामाझ्या बाबतीत करतील. दुसऱ्याची गैरसोय टाळायला निरोगी अवयव काढणं हा उपचार नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये मंजूर झाला. त्याच्या कलम २३ मध्ये अपंग व्यक्तीची प्रजननक्षमता इतरांइतकीच अबाधित राहील असं म्हटलं आहे, आणि कलम २५ मध्ये उपचार तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीने व्हावेत असं.

तिला विचारता येईल का, हे "वय ३४ पण बुद्धी अमुक वर्षांच्या मुलीची" असल्या हिशेबावरून ठरत नाही. तो हिशेबच मला मान्य नाही. ३४ वर्षं जगलेल्या बाईला ३४ वर्षांचा अनुभव असतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या कायद्यातली पद्धत मला सगळ्यांत सरळ वाटते. आधी धरून चालायचं की माणूस निर्णय घेऊ शकतो. मग या एका निर्णयापुरतं बघायचं : तिला माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, फायदा-तोटा ताडून बघता येतो का, आणि कुठल्याही मार्गाने, अगदी खुणेनेसुद्धा, सांगता येतं का. "नाही" म्हणण्याआधी तिला समजावं म्हणून शक्य ते सगळं केलेलं असावं लागतं. कपडे कुठले घालायचे हे ती ठरवत असेल आणि मालमत्तेचं ठरवता येत नसेल, तर दोन्ही खरं असू शकतं.

तिच्याशी चित्रं घेऊन बोला. शरीराचं साधं चित्र, पिशवी कुठे असते, रक्त का येतं, ऑपरेशनमध्ये काय होतं. एका बैठकीत सगळं नको. दुसऱ्या दिवशी विचारा, "काल आपण काय बघितलं?" तिने तिच्या शब्दांत सांगितलं तर बरंच कळलं, असं समजा. उत्तर द्यायच्या वेळी सासूबाई समोर नसतील असं बघा.

आणि सासूबाईंची दमणूकही खरी आहे, ती उडवून लावू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की रक्तस्राव आणि दुखणं कमी करणारी औषधं आहेत का. आहेत, आणि बऱ्याच जणींना ती लागू पडतात. पॅड बदलण्याचे टप्पे फोटो लावून बाथरूमच्या भिंतीवर चिकटवले तर कित्येक मुली हे स्वतः करायला शिकतात. ज्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली, त्यांच्याखेरीज दुसरं मत घ्या.

प्रश्न : संस्थेतल्या आमच्या एका ५२ वर्षांच्या सदस्याला न्यूमोनिया झाला. अतिदक्षता विभागात नेण्याबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आयुष्याची एकूण प्रत बघता..." तो बरा होऊन परत आला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. अशा वेळी काय बोलायचं?

फोटो दाखवायचे. तुमच्या मोबाइलमध्ये तो बागेत पाणी घालताना, कॅरम खेळताना असेल. ताप यायच्या आठवडाभर आधी तो कसा जगत होता, हे डॉक्टरांना कॉटवरच्या माणसाकडे बघून दिसत नाही. मग विचारायचं, "फुप्फुसांची स्थिती बघता उपयोग होणार नाही असं म्हणताय, की तो असा आहे म्हणून?" पहिलं वैद्यकीय कारण आहे, ते ऐकून घ्यायला हवं. दुसरं कारणच नाही. बौद्धिक अक्षमता हे पुनरुज्जीवन, म्हणजे हृदय बंद पडलं तर ते परत सुरू करायचा प्रयत्न, न करण्याचं कारण होऊ शकत नाही, असं इंग्लंडच्या आरोग्यसेवेला डॉक्टरांना लेखी कळवावं लागलं होतं. कोविडच्या काळात "पुनरुज्जीवन नको" असे शेरे परस्पर लिहिले जात असल्याच्या तक्रारींवरून तिथे चौकशीही झाली. फाइलवर असा शेरा आहे का, ते डिस्चार्जच्या वेळी वाचून घ्या. असेल तर कुणी, कोणाशी बोलून लिहिला, ते विचारा.

प्रश्न : (बहिणीने लिहून घेतलेलं पत्र) मी ४१ वर्षांचा आहे. माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. ऑपरेशन आहे. दुर्बिणीने. सगळे म्हणतात घाबरू नको. मला काय होणार ते कुणी सांगत नाही.

तुम्ही चांगला प्रश्न विचारला. मी सांगते. बहिणीला हे सावकाश वाचायला सांगा. एक ओळ वाचा. मग थांबा.

तुमच्या पोटात एक छोटी पिशवी आहे.
तिच्यात खडे आहेत. म्हणून पोटात दुखतं.
डॉक्टर ती पिशवी काढणार आहेत.
ती पिशवी नसली तरी माणूस जेवू शकतो.

ऑपरेशनच्या आधी काही तास खायचं नाही.
पाणी कधी बंद करायचं ते नर्स सांगेल.
भूक लागेल. ते बरोबर आहे.

हाताला नावाची पट्टी बांधतील. ती काढू नका.
हॉस्पिटलचे कपडे देतील.
पुष्कळ लोक तुमचं नाव विचारतील. परत परत विचारतील. प्रत्येक वेळी सांगा.

हाताला सुई लावतील. टोचेल.
सुई नको वाटत असेल तर आधी सांगा. कातडी बधिर करायचं मलम असतं.
तोंडावर मास्क ठेवतील. मास्क आधी हातात घेऊन बघायला मागा.
मग तुम्हाला झोप लागेल.
झोपेत ऑपरेशन होईल. तेव्हा दुखणार नाही.

जाग येईल तेव्हा घसा दुखू शकतो.
पोटावर छोट्या छोट्या पट्ट्या दिसतील. त्यांना हात लावू नका.
पोट दुखेल. खांदाही दुखू शकतो.
दुखलं की सांगा. सांगणं म्हणजे त्रास देणं नाही.
कॉटजवळ बटण असेल. ते दाबलं की नर्स येते. पहिल्या दिवशी दाबून बघा.

जाग येताना बहीण जवळ हवी असेल तर आधी सांगा. तशी सोय करता येते.
डॉक्टर बहिणीशीच बोलत असतील तर म्हणा : "माझ्याशी बोला."
समजलं नाही तर म्हणा : "परत सांगा."
ऑपरेशनच्या आधी एकदा जाऊन खोली बघून या. तिथल्या नर्सचं नाव विचारा आणि या कागदावर लिहा.